बोटांचं कौतुक पुरे, आता कृती लिहू या

"बायकांची बोटं कशी नाजूक, कशी सफाईदार!" हे वाक्य आपण सगळ्याजणींनी ऐकलेलं आहे. भरतकामाच्या प्रदर्शनात ऐकलं, हळदीकुंकवाच्या दिवशी दारातल्या रांगोळीपुढे ऐकलं. अंधेरीला १९७३ साली सीप्झ सुरू झालं, तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत जुळणीच्या कामावर तरुण मुली घेतल्या गेल्या, तेव्हाही मालकवर्गाचं म्हणणं हेच होतं. बारीक तारा जोडायला मुलींचीच बोटं बरी.

वाक्य कौतुकाचं आहे, पण त्यात हिशेब आहे. बोटांचं काम म्हटलं की ते जन्मजात ठरतं. जन्मजात ठरलं की त्याला शिक्षण लागत नाही, आणि शिक्षण लागत नाही म्हणून दर कमी. डोक्याचं काम मात्र शिकून मिळवलेलं, म्हणून त्याला पगार, बढती आणि नाव. स्त्रीच्या श्रमाचं दुय्यमत्व टिकवण्याची ही जुनी रीत आहे. आज ती उपनगरांतल्या संगणकांच्या पडद्यावर नव्याने चालू आहे, आणि आपल्या स्त्री संघटनांचं तिकडे फारसं लक्ष नाही. म्हणून हा लेख.

विषय ऐकून काहीजणी हसतील. विषय आहे फोटोंच्या अल्बममधली नक्षी.

पानाभोवतीच्या वेली कोण काढतं?

लग्न, मुंज, बारसं, डोहाळजेवण, साठीशांत. प्रत्येक समारंभाचे फोटो आता 'करिझ्मा अल्बम'मध्ये बसवले जातात. मोठ्या पानावर आठ-दहा फोटो, त्यांच्याभोवती चौकट, कोपऱ्यात फुलं, वर वेल, मध्ये गोलात नवरा-नवरीची नावं. परदेशात हेच काम हौशी बायका घरी करतात. त्याला डिजिटल स्क्रॅपबुक म्हणतात. पार्श्वभूमीचे कागद, फिती, लेस, बटणं, चौकटी अशी सगळी सजावट संगणकावर करून तिचे संच विकतात. आपल्याकडे हे काम फोटो लॅबमध्ये होतं, स्टेशनजवळच्या डीटीपीच्या गाळ्यात होतं, आणि बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या घराघरांत, पोरं शाळेत गेल्यावर आणि रात्री भांडी आवरल्यावर होतं. मोबदला पानामागे. मजूर अड्ड्यावरच्या कामासारखाच, सीझनमध्ये मरेस्तोवर आणि सीझन संपला की हात रिकामे.

या नक्षीच्या कामाच्या दोन पद्धती आहेत. त्यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळं राजकारण तिथेच आहे.

पहिली पद्धत हाताची. माऊसने एक कुयरी काढायची, तिची नक्कल करायची, शेजारी ठेवायची, पुन्हा नक्कल, पुन्हा शेजारी. १२ बाय ३६ इंचांचं पान आहे आणि कुयरी ०.७ इंचाची आहे असं समजा. लांब बाजूला ५१ कुयऱ्या बसतात आणि ०.३ इंच उरतो. मग शेवटच्या चार कुयऱ्या थोड्या ओढायच्या, कोपरा कसाबसा जुळवायचा. गिऱ्हाईक म्हणालं, "कुयरी जरा मोठी करा," की सगळं पुन्हा.

दुसरी पद्धत स्क्रिप्टची. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेली कृती. कुयरी एकदाच काढायची आणि पुढचं सांगून ठेवायचं. बाजूची लांबी घे, कुयरीच्या रुंदीने भाग, किती पूर्ण बसतात ते पाहा, उरलेली जागा सगळ्यांत सारखी वाट. संख्या विषम आली तर मधोमध एक फूल ठेव, डावीकडच्या कुयऱ्या डावीकडे तोंड करून, उजवीकडच्या उजवीकडे. वरच्या उदाहरणात २५ इकडे, २५ तिकडे, मध्ये फूल, आणि दोन्ही कोपरे सारखे. गिऱ्हाइकाने आकार बदलायला सांगितला तर एक आकडा बदलायचा. संगणक बाकीचं क्षणात करतो.

फुलाची कृती याहून सोपी:

एक पाकळी काढ.
साठ अंशांत वळ.
हे सहा वेळा कर.

आठ पाकळ्या हव्यात तर ३६० ला ८ ने भागा, पंचेचाळीस अंशांत वळा, आठ वेळा करा. बारा हव्यात तर तीस अंश. तत्त्व एकच. ते ज्या मुलीला कळलं तिला एक फूल काढता आलं असं नाही, हवी तितकी फुलं काढता आली. ही कृती इंग्रजीतल्या चार खुणा वापरून पायथनसारख्या भाषेत लिहिली की झालं स्क्रिप्ट. इंकस्केप, जिंप यांसारख्या चित्रकामाच्या प्रोग्रामांना अशी स्क्रिप्टं जोडता येतात. पेंट शॉप प्रो या प्रोग्राममध्ये २००३ पासून पायथनची स्क्रिप्टं चालतात, आणि परदेशातल्या स्क्रॅपबुकवाल्या बायकांनी लेस, झालर, शिवणीचे टाके काढायला त्यांचा मनसोक्त वापर केला. त्यातल्या पुष्कळजणी गृहिणी होत्या, अभियंत्या नव्हत्या.

आता आपल्या भागातल्या संगणक क्लासमध्ये डोकावा. डीटीपी, टायपिंग, टॅली, फोटोशॉपच्या बाकांवर मुली अधिक. 'प्रोग्रामिंग'च्या बाकांवर मुलगे अधिक. कुणी जबरदस्ती करत नाही. समुपदेशक ताई गोड बोलून विचारतात, "घरी बसून करता येईल असं काहीतरी हवंय ना?" नक्षी काढणाऱ्या मुलीला बटण कुठे दाबायचं ते शिकवलं जातं, बटणामागची कृती लिहायला शिकवलं जात नाही. म्हणजे पुन्हा तेच, बोटं तुमची आणि डोकं दुसऱ्याचं.

आपल्या वह्यांत होतं ते काय होतं?

हे बायकांना जमणार नाही असं कुणी म्हटलं तर त्याच्यापुढे आईची रांगोळीची वही ठेवा. तिच्यात लिहिलेलं असतं, "ठिपके ११ ते ६, मधले." बस्स, एवढंच. ज्या बाईला वाचता येतं तिला कळतं की मधली ओळ ११ ठिपक्यांची, तिच्या वर आणि खाली १०, मग ९, ८, ७ आणि शेवटी ६, प्रत्येक ठिपका वरच्या दोघांच्या मधोमध. अकरा ओळी, एकूण ९१ ठिपके, आणि आकार षटकोनाचा. एक्क्याण्णव ठिपक्यांच्या जागा तीन शब्द आणि दोन आकड्यांत मावल्या. प्रोग्राम लिहिणारे ज्याला कौशल्य म्हणतात ते हेच, थोडक्यात आणि नेमकं सांगणं, दुसऱ्याला तसंच करता येईल असं.

स्वेटरच्या विणीची वही उघडा. "दोन सुलट, दोन उलट, ओळ संपेपर्यंत. पुढची ओळ याच्या उलट. अशा वीस ओळी." यात पुनरावृत्ती आहे, अट आहे, मोजणी आहे. कशिदा काढणारी बाई कापडाचा मध्य काढून तिथून टाके मोजते, कारण कडेपासून सुरू केलं तर कोपरा जुळत नाही हे तिला ठाऊक असतं. वरच्या कुयऱ्यांचा प्रश्न तिने फार पूर्वी सोडवलेला आहे. करवतकाठाचे दात आणि नारळी किनारीची टोकं मोजूनच विणली जातात.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. शास्त्राच्या इतिहासात त्याची नोंद आहे. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमध्ये काम करणारे गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृथिवासन यांनी १९७४ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तमिळ बायका दारात घालतात त्या कोलमचं व्याकरण त्यांनी संगणकशास्त्राच्या भाषेत मांडलं. तिघांपैकी दोघी स्त्रिया होत्या. पुढे १९८० नंतरच्या दशकात वनस्पतींच्या वाढीची चित्रं संगणकावर काढणाऱ्या परदेशी संशोधकांनीही कोलमचीच उदाहरणं घेतली. मुलुंड-घाटकोपरच्या इमारतींमध्ये आजही पहाटे तमिळ शेजारणीच्या दाराशी कोलम आणि मराठी दाराशी ठिपक्यांची रांगोळी समोरासमोर दिसते. दोन्हींत तेच गणित आहे.

पण पाहा, नावं कुणाची उरली? संशोधकांची उरली, ते योग्यच आहे. पिढ्यान्‌पिढ्या ही व्याकरणं रचणाऱ्या बायकांचं एकही नाव नाही. बाईच्या हातात होतं तोवर ती 'कला', 'हौस', 'परंपरा'. पुस्तकात गेलं की 'शास्त्र'.

बाहेरच्या देशांत वेगळं घडलं असंही नाही. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जाकारने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग तयार केला. फुलापानांची नक्षी त्या पुठ्ठ्यांत 'लिहिलेली' असे. चार्ल्स बॅबेजच्या गणनयंत्राबद्दल १८४३ साली टिपणं लिहिताना एडा लव्हलेसने याच मागाशी तुलना केली. अमेरिकेत १९४६ साली एनिअॅक हा अवाढव्य संगणक जगापुढे आणला गेला, तेव्हा त्याला कामाची कृती घालून देणाऱ्या सहाही जणी स्त्रियाच होत्या. त्यांच्या कामाची दखल घ्यायला जगाला काही दशकं लागली. प्रोग्राम लिहिणं हे त्या काळी कारकुनी काम समजलं जाई. ते प्रतिष्ठेचं झालं तशी त्यातून बायका कमी होत गेल्या.

चळवळीतल्या मैत्रिणींना

आता आपल्यातल्या आपल्यात बोलू. आपल्या बैठकीत हा विषय काढला तर एखादी कार्यकर्ती म्हणेल, "अल्बमची वेलबुट्टी हा काय स्त्रीमुक्तीचा प्रश्न आहे? हुंडा घेऊन झालेल्या लग्नाच्या अल्बमला कुयऱ्या काढायच्या? चुडे भरणं, मंगळसूत्र आणि सप्तपदी यांच्याभोवती चौकटी रेखायच्या?"

आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. सजावट निष्पाप नसते. रांगोळीही नव्हती. विधवेच्या हाताला शुभकार्यातली रांगोळी वर्ज्य होती. कुणाच्या अंगणात कुणी पाऊल ठेवायचं हे जात ठरवत होती. म्हणून "आमच्या आज्या गणिती होत्या" असं म्हणून नुसतं गहिवरणं मला मान्य नाही. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनाही तेच म्हणायला आवडतं. ते बाईच्या बुद्धीची आरती करतील आणि तिला परत उंबऱ्याशी बसवतील.

पण दुसरी बाजूही पाहा. आपल्या चळवळीने ओवी टाकून दिली नाही. जात्यावरची ओवी घेतली आणि तिच्यात नवे शब्द घातले. फुगड्या, पोवाडे, भारुडं घेतली. 'मुलगी झाली हो' हे स्त्री मुक्ती संघटनेचं नाटक १९८३ पासून गावोगाव पोचलं ते आपल्या ओळखीच्या गाण्याबजावण्यातूनच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण नुसती नाकं मुरडली नाहीत. अनेक मंडळांनी त्याचा तिळगूळ समारंभ केला आणि विधवा, परित्यक्ता, अविवाहित सगळ्यांना बोलावलं. मग बायकांच्या नक्षीलाच आपण का वाळीत टाकावं? गाण्यातलं डोकं आपल्याला दिसलं, रांगोळीतलं का दिसू नये?

शिवाय प्रश्न फक्त प्रतीकांचा नाही, श्रमाचा आहे. विडीकामगार बाईच्या संघटनेत जाताना आपण "विडी वाईट" म्हणून थांबलो नाही. तिच्या मजुरीबद्दल बोललो. अल्बमच्या पानाला वेल काढणारी बाईही कामगार आहे. तिच्या वेलीबद्दल मत नंतर देऊ. आधी तिचा दर, तिचा हक्क आणि तिचं शिक्षण याबद्दल बोलू.

घरबसल्या की घरातच?

लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिराती सगळ्यांनी वाचल्या आहेत. "घरबसल्या कमवा." यातल्या कितीतरी निव्वळ फसवणुकीच्या असतात. आधी 'रजिस्ट्रेशन'चे पैसे भरा, मग काम येतच नाही. पण जिथे काम खरं असतं तिथेही त्या शब्दात एक सापळा आहे. घरबसल्या म्हणजे घरची कामं करून. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार विनामोल घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, आणि असं काम करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं. या जवळजवळ पाच तासांवर अल्बमची पानं चढवली की बाईची रात्र जाते.

स्क्रिप्टने वेळ वाचतो हे खरं. पण वाचलेला वेळ कुणाचा, हा आपला प्रश्न असायला हवा. पानामागे दर असताना बाई झपाट्याने काम करू लागली की लॅबवाला दर उतरवायला मोकळा. गिरण्यांतल्या आणि मागांवरच्या कामगारांनी हे भोगलेलं आहे, यंत्र वेगवान झालं आणि मजुरी तिथेच राहिली. म्हणून नुसतं "शिका आणि कमवा" असं मी म्हणत नाही. शिका, एकत्र या आणि दर ठरवा, असं म्हणते.

कायद्यात आपल्या हाती काय आहे तेही पाहू. घरी बसून काम करणाऱ्यांबद्दलचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ सालचा. 'सेवा'सारख्या संघटनांनी त्यासाठी झगडा दिला. भारताने त्यावर अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरून काम करणाऱ्यांची व्याख्या आली आहे. साधनं मालकाने दिली असोत वा नसोत, मोबदला घेऊन त्याच्यासाठी आपल्या घरी वस्तू किंवा सेवा तयार करणारी व्यक्ती त्यात बसते. म्हणजे स्वतःच्या संगणकावर अल्बमची पानं लावणारी बाईही बसते. संहिता २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झाली. व्याख्येत बसणं आणि लाभ हातात पडणं यांत किती अंतर असतं हे आपल्याला सांगायला नको. तरीही ई-श्रम नोंदणीपासून सुरुवात करता येते, आणि 'मी गृहिणी' ऐवजी 'मी कामगार' असं कागदावर लिहिणं हीसुद्धा एक पायरी आहे.

दुसरा कायदा अधिक उपयोगाचा, आणि तो आपल्या बायकांना कुणी सांगत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणकाचा प्रोग्राम 'साहित्यकृती'त मोडतो. लघुनिबंध लिहिणारीला जो हक्क, तोच स्क्रिप्ट लिहिणारीला. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. तुम्ही पगारी नोकर असाल आणि नोकरीचा भाग म्हणून स्क्रिप्ट लिहिलंत, तर वेगळा करार नसताना ते मालकाचं होतं. पण पानामागे पैसे घेऊन स्वतंत्रपणे काम करत असाल तर ते तुमचं, तुम्ही लेखी सही करून दुसऱ्याच्या नावे करीपर्यंत. लेखी करारात मुदत घातली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश घातला नसेल तर हक्क भारतापुरताच जातो. एक फरक लक्षात ठेवा. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेलं रंगचित्र किंवा टिपलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाइकाच्या मालकीचा होतो. स्क्रिप्टला ही अट लागू नाही.

म्हणून व्यवहाराचा साधा नियम करा. पान द्या, कृती देऊ नका. छापायला तयार पान लॅबला द्या, स्क्रिप्टची फाइल स्वतःजवळ ठेवा. ती हवीच असेल तर वेगळी किंमत, वेगळा कागद, वेगळी सही. कुयरी कुणा एकीची नाही, ती सगळ्यांची आहे. ती कशी मांडायची याची तुम्ही लिहिलेली कृती मात्र तुमची.

यावर कुणी विचारेल, "रांगोळीच्या वह्या तर आपण एकमेकींना फुकट उतरवून देत होतो. हा बाजारी हिशेब कशाला?" ते देणंघेणं बरोबरीच्या बायकांमधलं होतं. आज मी दिलं, उद्या तू दिलंस. मालकाने न विचारता फाइल ठेवून घेणं हे देणंघेणं नाही. आपसात जरूर वाटा, आणि वाटताना 'पुढेही खुलंच ठेवा' अशी अट असलेल्या खुल्या परवान्याखाली वाटा, म्हणजे कुणी पुढे ते बंद करून विकू शकणार नाही. संगणकाच्या जगात असे परवाने आहेत आणि ते कायद्याने टिकतात.

"आता एआय आहे की!"

एक नवं उत्तर हल्ली पटकन तोंडावर फेकलं जातं. चार शब्द टाकले की एआय चौकट काढून देतं, मग बायकांनी स्क्रिप्ट कशाला शिकायचं? उत्तर साधं आहे. एआय चित्र देतं, कृती देत नाही. कुयऱ्या ५१ च हव्यात, मधोमध फूल हवं, दोन्ही कोपरे जुळायला हवेत, असं सांगितलं तर ते कधी जुळवतं, कधी नाही. चुकलं तर कुठे चुकलं ते कळत नाही. शिवाय ती चित्रं जगभरच्या कलाकारांच्या कामावर पोसलेली आहेत, आणि बहुतेकांना कुणी विचारलं नव्हतं, पैसे तर दूरच. रांगोळीच्या वहीचं झालं तेच पुन्हा, फक्त कैक पटींनी मोठं.

एआय स्क्रिप्टही लिहून देतं, ते खरं आहे. पण ते वाचता आलं तरच उपयोग. दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर न वाचता अंगठा उठवण्याचे परिणाम आपल्या आज्यांनी भोगले. साक्षरतेचे वर्ग आपण त्यासाठीच घेतले ना?

मग करायचं काय?

महापालिकेच्या महिलांसाठीच्या योजनांतून कोणती यंत्रं दिली जातात ती यादी डोळ्यांखालून घाला. शिवणयंत्र, घरघंटी, मसाला कांडपयंत्र. वाईट नाहीत. पण यादी सांगते की बाईने शिवावं, दळावं, कांडावं. या यादीत संगणक घालण्याची मागणी प्रभागाप्रभागातून का होऊ नये? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३३ टक्क्यांनीच कधीतरी इंटरनेट वापरलेलं होतं, पुरुषांपैकी ५७ टक्क्यांनी. शहरात चित्र बरं असतं, पण घरातला लॅपटॉप आधी मुलाचा, मग नवऱ्याचा, आणि उरला वेळ तर तिचा, हे आपण घरोघरी पाहतो.

पैशाची अडचण आहे, पण सांगितली जाते तेवढी नाही. अॅडोबीने २०१३ पासून आपले नवे प्रोग्राम विकणं थांबवून भाड्याने देणं सुरू केलं. महिन्याचं भाडं थकलं की हत्यार हातातून गेलं. इंकस्केप, जिंप आणि पायथन मात्र मोफत आहेत आणि जुन्या संगणकावरही चालतात. शिकवायला मराठी साहित्यही आहे. पवईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने असे प्रोग्राम शिकवणारे धडे भारतीय भाषांत मोफत केले आहेत. पवई घाटकोपर-मुलुंडहून बसच्या अंतरावर आहे. आपल्या वस्त्यांपर्यंत मात्र ही माहिती पोचत नाही, कारण पोचवणारी माणसं आपणच आहोत आणि आपण हा विषय आपला मानलेला नाही.

आणि सुरुवातीला तर संगणकही लागत नाही. लहान मुलांना प्रोग्राम लिहायला शिकवण्यासाठी १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, वॉली फोयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी लोगो ही भाषा रचली. पुढे तिच्यात एक कासव आलं. 'पुढे जा, वळ' एवढं सांगितलं की ते चालत जाऊन रेघ काढतं. हाच खेळ आपल्या शिबिरात खेळा. एकजण कासव होईल, हातात रांगोळीची चिमूट. बाकीच्या फक्त शब्दांनी तिला चालवतील. "चार पावलं पुढे, उजवीकडे काटकोनात वळ, हे चार वेळा." चौकोन झाला. आता षटकोन. आता फूल. कुठे चुकलं ते सगळ्यांना जमिनीवर दिसतं, आणि चूक शोधून कृती दुरुस्त करणं हेच या कामाचं अर्धं शिक्षण आहे. ज्या बाईला अक्षरओळख नाही तिलाही हा खेळ जमतो. दुसऱ्या दिवशी तेच संगणकावर करा. पायथनमध्ये असं कासव तयारच असतं.

प्रत्येक मंडळाने एवढं ठरवावं. शिवणवर्ग चालतो तिथे आठवड्यातून दोन दिवस कृतिलेखनाचा वर्ग. वस्तीत पानामागे काम करणाऱ्या बायका किती आणि त्यांना दर काय मिळतो याची नोंद. ती नोंद हातात आली की लॅबवाल्यांशी एकत्र बोलणी, सुटं सुटं नाही. आणि रांगोळीच्या, विणकामाच्या जुन्या वह्या गोळा करून, त्या लिहिणारीच्या नावासकट, कृती म्हणून जपणं. नाव लिहायचं विसरू नका. आजवर तेच विसरलं गेलं.

लग्नाच्या अल्बमलाच कुयऱ्या काढत बसायचं असंही नाही. तीच कृती आपल्या मोर्चाच्या फलकाला किनार काढील, ८ मार्चच्या पत्रकाला चौकट देईल, एकट्या आईच्या मुलीच्या बारशाचं पानही सजवील. कोणत्या पानाभोवती वेल काढायची हे कृती लिहिणारी ठरवू शकते. बटण दाबणारी ठरवू शकत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कुणी आपल्या मुलींच्या नाजूक बोटांचं कौतुक केलं तर त्यांना विचारा, "कृती लिहिण्याचा दर काय देता?"